बाबांनी लावलेली बिअर

बेसमेंटमधल्या त्या बादलीचा आवाज मला अजून ऐकू येतो. बुडुक. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा बुडुक. ओहायोतला जानेवारी म्हणजे बाहेर इतका बर्फ, की रस्त्यावरून गाडी गेली तरी कळत नाही. सगळे आवाज कुणीतरी रजईखाली घालून ठेवल्यासारखे. त्या शांततेत तो बुडुक मला वरच्या मजल्यावर ऐकू यायचा. नवरा म्हणतो, शक्यच नाही, मध्ये दोन जिने होते. असतील. मला ऐकू यायचा.

आम्ही तेव्हा कोलंबसजवळ डब्लिनला राहत होतो. भाड्याचं टाउनहाऊस, एकाला एक चिकटलेली सहा घरं, मागे लाकडी डेक, डेकच्या पलीकडे तळं. उन्हाळ्यात त्यात बदकं असायची आणि हिवाळ्यात काहीच नसायचं, नुसता पांढरा गोल. नवरा एका विमा कंपनीच्या आयटीत होता, मी हॉस्पिटलांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर टेस्ट करायचे. लग्नाला चार वर्षं झाली होती. आणि वरच्या छोट्या खोलीत, जिथे एरवी इस्त्रीचं टेबल आणि रिकाम्या बॅगा असायच्या, तिथे त्या हिवाळ्यात माझे बाबा होते.

आई त्याआधीच्या जूनमध्ये गेली. मी पुण्याला गेले, पंधरा दिवस राहिले, परत आले. ऑक्टोबरात बाबांना बोलावून घेतलं. सहा महिन्यांचा मुक्काम, परतीचं तिकीट एप्रिलचं. मी एकुलती एक. बाबा एकटे कुकर लावतायत, एकटेच टीव्हीसमोर ताट घेऊन बसलेत, हे मला बसल्या जागी दिसायचं आणि कामात लक्ष लागायचं नाही. मला बाबा हवे होते. सहा महिन्यांसाठी नाही, पुढेही. इतकं साधं होतं ते. पण बाबांच्या पिढीतली माणसं मुलीच्या घरी जातात ती पाहुणी म्हणून. मी आग्रह केला असता तर ते माझ्याखातर राहिले असते आणि मनातून कानकोंडे होऊन राहिले असते. म्हणून मी ठरवलं होतं, आपण म्हणायचं नाही. त्यांनीच एक दिवस म्हणावं, "राहतो गं." मुक्काम वाढवून घ्यायचा अर्ज मी नोव्हेंबरातच प्रिंट करून ठेवला होता आणि वाट बघत होते.

बाबा मात्र आदर्श पाहुण्यासारखे राहत होते. उठल्याबरोबर ब्लँकेटची घडी. स्वतःचा कप विसळून पालथा. फ्रिज उघडायच्या आधी "घेऊ का?" काहीही विचारा, उत्तर एकच, चालेल. पोळी करू की भात लावू? चालेल. मॉलमध्ये चक्कर मारायची? चालेल. खोली गार आहे का, हीटर वाढवू? चालेल. एकदा मी आमटीत मीठ घालायला विसरले. बाबा आधी जेवले, वाटी स्वच्छ करून उठले. मी जेवायला बसले तेव्हा मला कळलं. आईच्या राज्यात हे झालं असतं तर पहिल्या घासाला वाटी पुढे सरकली असती, "मीठ महाग झालंय का गं?" आणि आईनं तिथल्या तिथे ऐकवलं असतं, "बरणी समोर आहे, हात मोडलेत का?" त्यांचं पस्तीस वर्षं असंच चाललं होतं. मी त्या कुरबुरीच्या आवाजात अभ्यास केला, त्या आवाजातच झोपले.

मी स्वतः तोंडाची फटकळ आहे, हे मीच सांगून टाकते. ऑफिसात, सासरी, दुकानात, माझ्या जिभेला कुठेच हाड नाही. पण बाबांसमोर मला काय झालं होतं कोण जाणे. इतकं गोड बोलायचे की माझं मलाच कसंतरी व्हायचं. दुखावलेलं माणूस आहे, धक्का लागायला नको, असं वाटायचं. घरात दोन माणसं एकमेकांना चालेल चालेल करत फिरत होती आणि नवरा मध्ये बिचारा हळू आवाजात टीव्ही बघत होता.

बिअरचं सामान नवऱ्याला त्याच्या ऑफिसातल्या एकानं दिलं. तो टेक्सासला निघाला होता, अर्विंगला, आणि घर रिकामं करत होता. झाकणाच्या दोन पांढऱ्या बादल्या, रबरी नळी, बाटल्यांवर पत्र्याची झाकणं दाबून बसवायचं दोन दांड्यांचं यंत्र, रिकाम्या बाटल्यांची दोन खोकी, न उघडलेला एक डबा आणि करायची कृती लिहिलेला कागद. नवरा असा हरखला की विचारू नका. त्याला बिअर आवडते, पण त्याहून बिअरबद्दल बोलायला आवडतं. पंचाईत एवढीच की बाबा आल्यापासून आमच्या घरातली बिअर गॅरेजमध्ये गेली होती, रंगाच्या जुन्या डब्यांमागे. पस्तिशीला आलेला माणूस, भाडं स्वतः भरणारा, आणि गॅरेजमध्ये उभा राहून कोट घालून बिअर प्यायचा. त्यामुळे हे सामानही बेसमेंटमध्ये जुन्या पडद्याखाली गेलं.

तिसऱ्याच दिवशी बाबा वाळलेले कपडे आणायला खाली गेले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मी हाक मारणार तेवढ्यात आले. कपडे नव्हते हातात. प्लास्टिकची एक छोटी वाकडी नळी होती, उजेडाकडे धरलेली.

"हा एअर लॉक आहे ना?" बाबा म्हणाले. "गॅस बाहेर जाईल, हवा आत येणार नाही. आमच्याकडे असलं काही नव्हतं, आमच्या टाक्या उघड्याच. कुणी आणलं हे?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मग त्यानं खरं सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग लावायची कधी, जावईबापू?"

आता हे सांगायला हवं की बाबा तीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. उसाची मळी पाण्यात कालवायची, त्यात यीस्ट सोडायचं, ते आंबलं की त्याचं स्पिरिट काढायचं. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. गाळप सुरू झालं की सगळ्या कॉलनीला एक वास धरायचा, गोड, आंबट, थोडा जळका. शाळेच्या डब्याला तो, उशीच्या अभ्र्याला तो, बाबांच्या शर्टाला तर सगळ्यात जास्त. लहानपणी मला वाटायचं वडील या माणसाचा वास असाच असतो. एकदा बाबांनी मला कडेवर घेऊन टाकी दाखवली होती. मला आठवतो तो तपकिरी फेस, हळूहळू वर येणारा, आणि काहीतरी मंद आचेवर तळलं जातंय असा आवाज. बाबा म्हणाले होते, "सगळे जिवंत आहेत बरं का आत." मी घाबरले नाही. मला वाटलं बाबांची ती पाळलेली माणसं असावीत.

आणि या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घातला नव्हता. व्रत वगैरे काही नाही. "हलवायाला जिलबी नकोशी होते तसं," एवढंच म्हणायचे. नुसत्या वासावर सांगायचे, टाकी बरी आहे की बिघडली.

शनिवारी सकाळी आम्ही लावली. आमच्याकडे सगळ्यात मोठं पातेलं होतं ते गणपतीत लोक बोलावले की मसालेभात करायचं. त्यात पाणी उकळलं आणि डबा उघडला. आत दाट, काळसर, चिकट माल्ट, म्हणजे जवाचा पाक. बाबांनी बोटावर घेतलं, वास घेतला आणि डोळे मिटले. "काकवी," म्हणाले. मग डब्याबरोबरची, बिअरला कडू चव देणाऱ्या हॉप्सची पुडी उघडली. हिरव्या बारीक गोळ्या, कडवट वासाच्या. "आणि ही पेंड. गाय कुठाय?" मी बाबांकडे बघतच राहिले. आई गेल्यापासून बाबांनी केलेली ती पहिली थट्टा होती.

तासभर ते उकळलं. खिडक्यांवर वाफ धरली, बाहेरचं तळं, झाडं, शेजारच्यांची गाडी सगळं पुसलं गेलं आणि स्वयंपाकघरात तो वास भरत गेला. कॉलनीतलाच नव्हे, पण त्याचा कुणीतरी जवळचा नातेवाईक असावा असा. मी ओट्याला टेकून उभी होते आणि मला सारखं वाटत होतं की आता भोंगा होईल, आई दारातून कुणाला तरी हाक मारेल. पातेलं गार करायला आम्ही ते डेकवर नेऊन बर्फात ठेवलं. बाबांनी नवऱ्याचा जाड कोट घातला होता, त्यांना गुडघ्यापर्यंत यायचा. पातेल्यातून वाफ सरळ वर जात होती आणि बाबा शेजारी उभे राहून चमच्यानं हळूहळू ढवळत होते. पातेल्याभोवतीचा बर्फ वितळून काळ्या फळ्या दिसायला लागल्या. मी काचेतून बघत होते. किती वेळ ते आठवत नाही, पण मला आत बोलवायचं सुचलं नाही.

बादलीत ओतून यीस्ट घातल्यावर बाबा म्हणाले, "आता ऊब. बत्तीस डिग्री पाहिजे. त्याच्या खाली यीस्ट आळशी होतं."

कृतीच्या कागदावर अडुसष्ट फॅरनहाइट लिहिलं होतं. म्हणजे वीस. नवऱ्यानं त्याखाली पेन्सिलनं दोन रेघाही मारल्या होत्या. त्यानं तोंड उघडलं आणि मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तोवर बाबा बादली उचलून बेसमेंटकडे निघालेसुद्धा.

"अगं, बत्तीस म्हणजे नव्वद फॅरनहाइट होतात," नवरा कुजबुजला. "वाट लागेल."

"लागू दे. आज सकाळपासून बाबा किती बोललेत मोज. तुझी बिअर गेली चुलीत."

बाबांनी बादली फर्नेसशेजारी ठेवली, नवऱ्याचं कंबर शेकायचं हीटिंग पॅड तिच्या पोटाला बांधलं, वरून माझी जुनी शाल गुंडाळली आणि थर्मामीटर खोचला. बत्तीसच्या आसपास काटा आला तसे समाधानानं हात झटकले. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली अशी उधळली होती की फेस नळीतून बाहेर येऊन शालीवर सांडला होता. बुडुक बुडुक बुडुक, दम घ्यायला फुरसत नाही. "बघ," बाबा म्हणाले, "कसे कामाला लागलेत." आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिले. मीही बसले. मग बाबा किस्से सांगत गेले. रात्रपाळीचे, संपाचे, कुणी एकानं टाकीत पडलेलं पाकीट काढायला दोरी सोडली त्याचे. मधूनच म्हणाले, "तुझी आई म्हणायची, तुमचं लग्न माझ्याशी नाही, या टाक्यांशी झालंय." आईचं नाव काढलं की खाली बघायचे, त्या दिवशी बघितलं नाही.

तो पंधरवडा माझा फार सुखात गेला. ऑफिसातून आले की बाबा दारातच बातमी द्यायचे, आवाज मंदावलाय, फेस बसला, आता गाळ खाली बसतोय. मी गाडी चालवताना एकटीच हसायचे. मनात मी त्यांच्या खोलीला नवे पडदेही लावून टाकले होते. एकदा तर अर्ज काढून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली अर्धा दिसेल असा ठेवला. बाबांनी वर्तमानपत्र वाचलं, घडी घातली आणि पुन्हा त्याच्यावर ठेवून दिलं.

बाटल्या भरल्या, अठ्ठेचाळीस. झाकणं बाबांनी एकट्यानं बसवली. मग तीन आठवडे थांबलो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी पहिली बाटली उघडली. बाहेर लख्ख ऊन होतं, बर्फावरून उलटून सगळं ऊन घरात येत होतं, टेबलावर, भिंतींवर, बाबांच्या दाढीच्या पांढऱ्या खुंटांवर. नवऱ्यानं दोन काचेचे ग्लास काढले. बाबा म्हणाले, "मला वाटी दे. वाटीत वास नीट कळतो." मी आमटीची वाटी दिली. बाबा स्वतः पिणार आहेत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बिअर मध्यम तपकिरी होती, फेस छान आला होता, उन्हात ती फारच देखणी दिसत होती.

नवऱ्यानं घोट घेतला. त्याचा चेहरा मी ओळखते. माझ्या आईनं त्याला पहिल्यांदा कारल्याची भाजी वाढली होती तेव्हा हाच होता. "मस्त झालीय, बाबा," तो म्हणाला.

मी घेतला. आधी केळ्याचा वास, पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा. मग घशात काहीतरी नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखं चढत गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. "छान आहे," मी म्हणाले. "खूपच छान."

बाबांनी वाटी नाकाशी धरली. बराच वेळ. मग कपाळाला एक आठी पडली, कारखान्यात टाकीशी वाकल्यावर पडायची ती. मग अडुसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, घोट घेतला, गिळला आणि वाटी खाली ठेवली.

"बिघडलीय," बाबा म्हणाले. "तापलीय ही. आमच्याकडे पुढे ऊर्ध्वपातन व्हायचं, असला वास वेगळा निघून जायचा. इथे जे झालं तेच प्यायचं. माझ्या डोक्यातच आलं नाही." मग विचारलं, "कागदावर किती लिहिलंय?"

बाबा उठले, ड्रॉवरमधून कागद काढला, चष्मा लावला. पेन्सिलच्या दोन रेघा त्यांना दिसल्या. कागदाची घडी घालून त्यांनी तो पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला.

"तुम्हाला दोघांना माहीत होतं."

"बाबा, तुम्ही इतके खुशीत होतात..."

"तुझी आई असती तर तिनं बादली लावायच्या आधीच मला वेड्यात काढलं असतं." आवाज चढला नव्हता. "घरातला माणूस चुकला तर त्याला सांगतात गं. पाहुण्याला सांगत नाहीत. पाहुण्याला छान आहे म्हणतात."

आणि माझं डोकं फिरलं. चार महिन्यांचं साठलेलं. मी म्हणाले, "मग ऐका. तुम्ही गॅरेजचं दार उघडं टाकता आणि सगळं घर गार पडतं. डिशवॉशरमधली भांडी काढून पुन्हा हातानं घासता, मला दिसतं. मी खोलीत आले की आईचा चष्मा उशीखाली सरकवता. मला काय दिसत नाही? मलाही रडायचं असतं. मला शॉवर सोडून रडावं लागतं, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि चालेल, चालेल, चालेल. पुन्हा चालेल म्हणालात तर मी काहीतरी फेकून मारीन." हे सगळं मी रडत बोलत होते की ओरडत, मला सांगता येणार नाही. नवरा ग्लास घेऊन हळूच डेकवर गेला, बर्फात, पायात चपला घालून.

बाबा ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं? आता माझं. तुझा चहा. चहा आहे का तो? चार महिने गरम पाणी पितोय. आणि त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं."

"माहितीय मला. मग बोललात का नाही?"

"तू का नाही बोललीस?"

मी नाक पुसलं. बाबांनी वाटी उचलली, उरलेली बिअर सिंकमध्ये ओतली आणि स्वतः चहा टाकला, आईसारखा, आलं ठेचून, काळाकुट्ट. तो पिताना खिशातून चष्मा काढून टेबलावर ठेवला, आईचा. दिवसभर तो त्यांच्या खिशातच असायचा हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला सलग असे आठवत नाहीत, सगळे मिळून एकच मोठी दुपार असल्यासारखे आठवतात. आम्ही भांडायचो. भाजीत गूळ किती, टीव्हीचा आवाज किती, गाडी किती वेगात चालवायची. उरलेल्या बाटल्या ओतून टाकताना बेसमेंटच्या मोरीपाशी बसून आम्ही दोघं आईबद्दल बोललो, एकेक झाकण उघडत. शेवटच्या दिवसांत ती काय म्हणाली, काय म्हणाली नाही. बाबा रडले, मी रडले, केळ्याचा वास सगळ्या घरात. मार्चच्या मध्यावर दुसरी लावली. नवऱ्यानं गाडी काढून माल्टचा डबा आणला आणि बादली या वेळी बेसमेंटच्या गार कोपऱ्यात गेली, वीस डिग्रीत. ती सावकाश चालली. बुडुक, आणि मग इतका वेळ काही नाही, की बाबा पायरीवर बसल्या बसल्या डुलकी काढायचे.

आणि मी वाट बघत होते. आता म्हणतील. आता एवढं मोकळं झालंय, आता घरचे झालेत, आता म्हणणारच, राहतो गं. अर्ज पाठवायला दहा दिवस उरले, मग आठ. बाबांनी बाटल्या भरल्या. बाबांनी बॅग काढली. मी त्यांच्या शर्टांना इस्त्री केली आणि मनात म्हणत राहिले, विचारायचं नाही. आपण एकमेकांना सगळं सांगतो आता, राहायचं असतं तर म्हणालेच असते. नाही म्हणालेत, म्हणजे त्यांना जायचंय. पुण्यात त्यांचे मित्र आहेत, सकाळचं फिरणं आहे. मी कोण अडवणारी? विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "महिनाभर बाटल्यांना हात लावू नको" म्हणाले आणि सिक्युरिटीच्या रांगेत गेले. बूट काढायला वाकले तेव्हा एकदा वळून बघितलं. घरी आले तर पातेलं, बादली, नळी, सगळं धुऊन पालथं घातलेलं होतं. मी नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याचा काही दोष नव्हता.

मेच्या पहिल्या रविवारी आम्ही उघडली. सकाळचे दहा वाजले होते, कारण पुण्यात तेव्हा संध्याकाळ असते आणि बाबा फोनवर हवे होते. तळ्यात बदकं आली होती. नवऱ्यानं ओतली, आम्ही घोट घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. काहीच चुकलं नव्हतं तिच्यात. भाजलेल्या पावाची चव, मागाहून हलकं कडू, थंड, स्वच्छ. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, या वेळी खरं. मी कॉर्डलेस घेऊन डेकवर गेले.

"बोल," बाबा म्हणाले. "आणि खोटं बोलायचं नाही."

"चांगली झालीय, बाबा. अगदी खरं. दुकानातल्यापेक्षा चांगली."

"केळं?"

"नाही."

"मग जमलं." ते खूश झाले, मला ऐकू आलं. त्यांच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, त्यांच्याच घरात असावी.

"आणखी एक खरं सांगू?" मी म्हणाले. "तुम्ही जायला नको होतं. चुकलात तुम्ही."

पलीकडे आधी कुकरखालचा गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"अगं, मी वाट बघत होतो," बाबा म्हणाले. "शेवटपर्यंत. तू त्या दिवशी सगळं सगळं बोललीस. गॅरेजच्या दाराचं काढलंस, भांड्यांचं काढलंस. त्यानंतरही रोज काही ना काही बोलायचीस. जाऊ नका एवढं मात्र एकदाही म्हणाली नाहीस. मग मी म्हटलं, हिच्या मनात असतं तर आता बोलायची थोडीच राहिली असती."

खाली बदकं पाण्यातून एका रांगेत पलीकडे चालली होती. विमान जाऊन महिना झाला होता, अर्जाची तारीख टळून गेली होती, बाबांनी तिकडे कुकर लावला होता, आणि मी डेकवर उभी राहून, गेलेल्या माणसाला म्हणाले, "बाबा, जाऊ नका."

"बरं," बाबा म्हणाले.